सगळ्यांची मावशी, तिची आई

सूतिकागृहात आईला कोणी नावाने हाक मारल्याचं लेकीला आठवत नाही. डॉक्टरीणबाईंपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणायचे. ती तिथे आया होती. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना अंघोळ घालायची, पुसून गुंडाळायचं आणि बाळंतिणीच्या कुशीत द्यायचं, हे तिचं काम. घरी एकुलती एक लेक. वडील ट्रक चालवायचे. ते अपघातात गेले तेव्हा लेक नीट चालायलाही लागली नव्हती. तेव्हापासून पाळी दिवसाची असो की रात्रीची, आईने कधी नाही म्हटलं नाही.

लेक वाढली शेजारच्या काकूंकडे. आई घरी यायची ती पाय ओढत. अंगाला साबणाचा आणि औषधांचा वास. कसेबसे दोन घास पोटात ढकलून ती आडवी व्हायची, आणि लेक तिच्या पायाशी पुस्तक उघडून बसायची. उठवायचं नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच कळत होतं. आईने कूस बदलली की तिला वाटायचं, आता डोळे उघडेल. बहुतेक वेळा आई पुन्हा घोरायला लागायची.

सुट्टीच्या दिवशी दोघी बाजारात जायच्या, पण तिथेही वाटेकरी असायचेच. कोणीतरी बाई थांबवायची आणि "मावशी, हा तुमच्या हातचा" म्हणत मिसरूड फुटलेल्या मुलाला पुढे ढकलायची. आई त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणायची, "कान तेवढे तसेच राहिलेत." सगळे हसायचे, मुलगा कावराबावरा व्हायचा. लेक मात्र गाल फुगवून आईचा हात ओढत राहायची.

पुढे लेक शिकली, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या कामाला लागली, लग्न झालं, मुलगी झाली. नात झाल्याचं कळलं आणि आईने नोकरी सोडली. बोचकं घेऊन लेकीच्या घरी आली. जावयाने जरा आराम करा म्हटलं, तर तिने त्यालाच पाणी तापवायला पिटाळलं.

आईचं काम लेकीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मान तळहातावर पेलून, पाण्याची धार आधी स्वतःच्या मनगटावर घेत, ती बाळाशी काहीबाही बोलत होती. बाळ रडणं विसरून तिच्याकडे टकामका बघत होतं. लेकीने विचारलं, "मलाही अशीच घालायचीस?"

आईचा हात थांबला. "तुला काकू घालायच्या," ती म्हणाली. "मी येईपर्यंत तुझे केस वाळलेले असायचे."

मग तिने बाळ टॉवेलात गुंडाळलं आणि त्यावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

नातीला आजी पुरती मिळाली. शाळेत सोडायला आजी, आणायला आजी, ताप आला की उशाशी आजी. लेक संध्याकाळी दुकानातून आली की जिन्यापर्यंत दोघींचं खिदळणं ऐकू यायचं. ती घरात शिरून विचारायची, काय झालं? दोघी एकमेकींकडे बघून म्हणायच्या, काही नाही. तिला बरं वाटायचं, आणि कुठेतरी टोचायचंही.

नात कॉलेजात गेली तेव्हा आई थकली होती. शेवटी उठवेना, तेव्हा लेकीने रजा टाकली आणि तिला स्टुलावर बसवून स्वतः अंघोळ घालू लागली. पहिल्या दिवशी लेक भराभर तांब्यामागून तांब्या ओतायला लागली. आई डोळे मिटून म्हणाली, "घाई नको करू. पाठ धर आधी." खांद्यावरून पाणी ओघळू लागलं तशी ती सैलावली. "हात बरा आहे तुझा. आमच्याकडे लागली असतीस नोकरीला."

लेक हसली. इतका वेळ आई फक्त तिची असं तिला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. ती मुद्दाम सावकाश अंघोळ घालायची, पाणी निवायला लागलं की गरम मिसळायची. थंडी सरता सरता आई गेली.

आता रविवारी कामं आटोपली की लेक मुलीजवळ जाऊन बसते आणि आजीच्या गोष्टी विचारते. तिला न सांगितलेलं नातीजवळ पुष्कळ आहे. परवा नात सहज बोलून गेली, की आजी सूतिकागृहाच्या अंगणात सायकल शिकली होती. पहारेकरी मागून धरायचा, परिचारिका गच्चीतून टाळ्या वाजवायच्या.

"सायकल? माझी आई?"

"अगं, चांगली फेऱ्या मारायची म्हणे. एकदा डॉक्टरीणबाईंच्या गाडीलाच जाऊन धडकली."

लेक हसत सुटली, हसता हसता तिचे डोळे भरले. ते पुसून ती मुलीकडे सरकली आणि म्हणाली, "मग? बाई रागावल्या का? नीट सगळं सांग."