आण्णांचा घुमणारा डबा

माझे वडील, म्हणजे आण्णा, बेंजो वाजवतात. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, तारांचं, विजेवर चालणारं हे वाद्य. आमच्याकडं त्याच्याशिवाय हळद लागत नाही, वरात हलत नाही आणि म्हाताऱ्या माणसांची झोपमोड होत नाही. कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावातली बेंजो पार्टी आण्णांचे धाकटे चुलतभाऊ चालवतात. त्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्या गातात, आण्णा वाजवतात आणि दोघांच्या शेजारी माणसाच्या उंचीचे स्पीकर. आयुष्यभर त्या स्पीकरच्या तोंडाशी उभं राहून आण्णांचे कान गेले. याचं आश्चर्य फक्त आण्णांनाच वाटलं.

कानाचं मशीन आणून दिलं. ते थोडे दिवस घालून त्यांनी चुन्याच्या डबीशेजारी कोनाड्यात ठेवून दिलं. "त्येच्यातनं शेळी, मिक्सर आन तुझी आई, समद्यांचा आवाज सारखाच येतुया," म्हणाले. आई तिथंच होती. ती म्हणाली, बरं झालं काढलं.

मग एका लग्नात त्यांनी अख्खं गाणं एक बटण बाजूला वाजवलं. शेवटपर्यंत, मान डोलवत. तात्या त्यांना काही बोलले नाहीत. बोलणार कसे, थोरला भाऊ. त्यांनी मला फोन केला. मी माधवनगरला राहते आणि आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळं घरात काहीही बिघडलं की ते माझ्याकडं येतं. यावेळी वडील आले.

"पोरी, मेढ्याला एका हळदीची सुपारी घेतलीया," तात्या म्हणाले. "तितं जमलं तर बरं. न्हाई तर मला दुसरा माणूस बघावा लागंल. तूच सांग त्यास्नी."

मी सांगितलं नाही. बेंजो गेला तर हा माणूस दिवसभर ओट्यावर बसून काय करणार, हे मला डोळ्यांपुढं दिसत होतं आणि ते बघवत नव्हतं. मी डबा करायला घेतला.

कल्पना साधी होती. आण्णांना बारीक, उंच आवाज ऐकू येत नाहीत. जाड, खालचे येतात. तेव्हा बेंजोचा आवाज चार फिल्टरमधून चाळायचा, कानात नुसती कलकल करणारा भाग काढून टाकायचा, उरलेला चढवायचा आणि तो हेडफोननं फक्त आण्णांना द्यायचा. लोकांनी नेहमीचाच बेंजो ऐकायचा. बंद पडलेल्या स्टॅबिलायझरचा पत्र्याचा डबा घेतला, त्याला चार भोकं पाडून चार बटणं बसवली. आईनं विचारलं, शेगडी का?

सुरुवातीला प्रत्येक फिल्टरला वेगळी बॅटरी होती. वाजवून झालं की आण्णा डबा बंद करायला विसरायचे आणि सकाळी सगळ्या बॅटऱ्या मेलेल्या. वैतागून मी चारही फिल्टर एकाच अडॅप्टरवर घेतले. आता आमच्या विहिरीवर आण्णा आणि त्यांच्या भावांची मिळून एकच मोटर आहे. एकानं कॉक उघडला की दुसऱ्याच्या पाटातलं पाणी कमी होतं आणि मग जे ऐकायला मिळतं त्याला कानाचं मशीन लागत नाही. हे मी लहानपणापासून बघत आले. तरी फिल्टर एका वायरवर लावताना मला ते आठवलं नाही. घरचं शहाणपण घरीच राहतं.

डबा चालू केला आणि घुमायला लागला. हमिंग. भिंतीतल्या विजेची घरघर चारही फिल्टरमधून फिरून हेडफोनात येत होती, एकसारखी, जाड, न थांबणारी. मी कपाळाला हात लावला. आण्णांनी हेडफोन घातला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ह्यो कोण सूर धरतुया?" ते म्हणाले.

आम्हा धनगरांत ओवी म्हणणाऱ्याच्या मागं दोघंतिघं उभे राहतात, कानावर हात ठेवतात आणि एकच सूर धरून ठेवतात. म्हणणारा कितीही फिरून आला तरी परतायला ती जागा असते. आण्णांना वाटलं, मी डब्यात तसा माणूस बसवलाय. त्यांनी बेंजोच्या तारा त्या घरघरीला लावल्या आणि वाजवायला लागले. एकही बटण चुकलं नाही.

पार्टीच्या तालमीत कीबोर्डवाल्याच्या लक्षात आलं की आण्णांचा बेंजो पांढरी पाच या पट्टीच्या किंचित वर लागलाय. आपल्या कीबोर्डचं बटण दाबून तोही किंचित वर सरकला. म्हणजे आमची सगळी पार्टी वीज कंपनीच्या सुरात वाजू लागली. तात्या खूश. माझी मात्र झोप उडाली, कारण हमिंग ठेवून काम दिलं तर मी पोरांना नापास करते.

म्हणून मी डबा माधवनगरला नेऊन नीट केला. प्रत्येक फिल्टरची वीज वेगळी गाळून घेतली, सगळ्या अर्थिंगच्या वायरी एका जागी आणल्या. घरघर पार गेली. इतकं स्वच्छ काम मी आधी कधी केलं नव्हतं आणि ते दाखवायला मी रजा टाकून गावी गेले. आण्णांनी हेडफोन घातला, एक तार छेडली, दुसरी छेडली आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"मेला की गं ह्यो."

मी बराच वेळ वाद घातला. हमिंग हा दोष असतो, हे एका बहिऱ्या माणसाला ओरडून पटवायचा प्रयत्न केला. शेवटी पक्कड घेतली आणि स्वतःच्या हातानं काम बिघडवलं. आण्णांनी तारा लावल्या. मला राग आला होता, आणि त्यांची बोटं परत चालायला लागलेली बघून रडूही येत होतं. दोन्ही एकदम आलं की काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. मी चहा टाकला.

मेढ्याच्या हळदीला मीही गेले. डबा माझा होता. मांडवात वीज जनरेटरवरची होती, आणि हे मी आधी विचारलं नव्हतं. दिवस होता तोवर सगळं ठीक चाललं. अंधारू लागलं तशा मांडवाच्या माळा आणि हॅलोजन लागले, जनरेटरवर भार आला, तो दमून हळू फिरू लागला आणि आण्णांच्या कानातला सूर खाली सरकला. एक गाणं संपलं की आण्णा घाईघाईनं तारा उतरवायचे. कीबोर्डवाला बटण दाबत त्यांच्या मागं. मग कुणीतरी हॅलोजन बंद करायचा आणि सूर परत वर. आण्णा परत खुंट्या पिळायचे. हळदीच्या बायका नाचायच्या थांबल्या आणि पार्टी ज्यावर बसून वाजवत होती त्या टेम्पोकडं बघू लागल्या. मी जनरेटरवाल्याशी भांडायला गेले. तो म्हणाला, ताई, उजेड तर पडलाय की.

परत आले तेव्हा आण्णांनी हात बटणांवरून काढून मांडीवर ठेवले होते. हेडफोन गळ्यात. ते कुणाकडंच बघत नव्हते.

तात्यांनी माइक कीबोर्डवाल्याच्या हातात दिला. आण्णांच्या शेजारी बसले, त्यांच्या कानाला तोंड लावलं, एक हात स्वतःच्या कानावर ठेवला आणि सूर धरला. खालचा, जाड, छातीतला. आण्णांनी मान वळवली नाही. खुंट्या पिळल्या, तारा त्या आवाजाला लावल्या आणि वाजवायला सुरुवात केली. हळद संपेपर्यंत तात्या तिथंच बसून राहिले. श्वास घ्यायला तेवढे थांबायचे. गाणी कीबोर्डवाल्यानं म्हटली, आणि वाईट म्हटली.

सकाळी टेम्पोत सामान भरताना तात्यांचा आवाज बसलेला होता. आण्णा टेम्पोच्या फळीवर बसून वायर गुंडाळत होते. खाली बघतच म्हणाले, "दुसरा माणूस बघ तू. लोकं तुझं गाणं ऐकाय पैसं देत्यात. तू गायचं सोडून रोज माझ्या कानात बसणार व्हय?"

तात्या स्पीकर बांधत होते. "बसतो की," ते म्हणाले.

आण्णा वायर गुंडाळत राहिले. त्यांना ऐकू आलं नव्हतं. तात्यांच्या घशातून याहून मोठा आवाज निघणार नव्हता, तेव्हा ते मलाच सांगावं लागणार होतं. मी वाकून आण्णांच्या कानाशी तोंड नेलं. "आण्णा, तात्या म्हणतायत, बसतो की." माझाच आवाज चिरकला, म्हणून परत सांगितलं, मोठ्यानं.

"आलं ऐकू. वरडू नगंस," आण्णा म्हणाले. वायर त्यांच्या हातात तशीच राहिली. मग त्यांनी तात्यांकडं बघितलं.

"ऐतवारच्या सुपारीला कवा निघायचं?"