अंबत्तूरमधलं एक बोट

चेन्नईला नोकरीसाठी आलो तेव्हा मला तमिळची चार वाक्यं येत होती. कुठे दुखतं, हात हलवा, मूठ मिटा, घाबरू नका. सोलापूरच्या विडी कामगारांच्या वस्तीत वाढलेला, शिष्यवृत्तीवर डॉक्टर झालेला मी, हाताच्या शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण संपवून अंबत्तूरच्या एका खासगी इस्पितळात रुजू झालो होतो. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. भोवती छोटे कारखाने, त्यांत पत्रा कापणारे पॉवर प्रेस आणि प्रेसखाली सापडणारे हात. कामाला तोटा नव्हता.

आई माझ्याजवळ राहायला आली होती. तिनं उभा जन्म विड्या वळल्या. शाळेतून आलो की मीही तिच्यासमोर बसून विड्यांना दोरा बांधायचो. हे मी इस्पितळात कुणाला सांगितलं नव्हतं. लपवतोय असं तेव्हा वाटत नसे. कुणी विचारत नव्हतं, आणि बोलणं त्या बाजूला जाऊ नये याची मी काळजी घेत होतो.

एकदा सकाळी दहाच्या सुमाराला एका बाईंना रिक्षातून आणलं. तिशीच्या असतील. प्रेसमध्ये उजव्या हाताची तर्जनी बुडापासून तुटली होती. सोबतच्या सुपरवायझरनं बोट ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून, बर्फात ठेवून आणलं होतं. मी ते पाहिलं आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला. कापलं गेलं होतं स्वच्छ, वेळही गेला नव्हता. या इस्पितळात तोवर कुणी तुटलेलं बोट जोडलं नव्हतं. बाईंना न विचारताच मी मायक्रोस्कोप तयार ठेवायला आणि भूलतज्ज्ञांना बोलवायला सांगितलं.

संमतीच्या कागदावर सही घेताना अडलं. बाई म्हणाल्या, "वेंडाम." म्हणजे नको. मला वाटलं, घाबरल्यात. मी थिएटरच्या सिस्टरना बोलावलं. सिस्टर तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी तमिळ हेलाची, मधूनच असा जुना शब्द येई की मी चमकून बघे. माझी मराठी त्यांना वर्तमानपत्रातल्यासारखी वाटायची. त्यांनी दोन्हीकडचं बोलणं पोचवायला सुरुवात केली.

बाईंनी विचारलं, कामावर कधी जाता येईल? मी म्हणालो, तीन महिने तरी नाही. कदाचित आणखी एक-दोन शस्त्रक्रिया लागतील. आणि जोडलं नाही, जखम नुसती शिवून बंद केली तर? तीन आठवडे. मग त्यांनी विचारलं, जोडलेलं बोट पहिल्यासारखं वाकेल का? मला खोटं बोलता येईना. म्हणालो, ताठच राहील बहुतेक.

त्यांनी सिस्टरकडे बघून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. सिस्टर मला म्हणाल्या, "त्या विचारतायत, मग हे कुणासाठी जोडायचं?"

माझा आवाज चढला. आयुष्यभर पस्तावाल, असं काहीबाही मी बोलून गेलो. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घरचं सांगितलं. नवरा नाही, दोन मुली शाळेत, सासू अंथरुणावर. नोकरी कंत्राटी. तीन आठवडे सुपरवायझर जागा राखून ठेवील, तीन महिने नाही. सुपरवायझर दारातच उभा होता. त्यानं मान खाली घातली.

मी बाहेर येऊन बेसिनपाशी उभा राहिलो. मी सातवीत असताना आईच्या बोटाला नखुर्डं झालं होतं, नखाशी पू धरला होता. सिव्हिल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी आठ दिवस दाखल व्हायला सांगितलं. तिनं तिथल्या तिथे चिरा मारून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बांधल्या हातानं विड्या वळायला बसली. डॉक्टर तिला अडाणी म्हणाले होते. मी शेजारी उभा होतो. मला त्यांचा फार राग आला होता.

आत जाऊन मी मायक्रोस्कोप परत पाठवला. हाडाचं टोक घासून गुळगुळीत केलं, नसा आत घेतल्या, वर जाड कातडी बसेल असं पाहिलं. तासाभरात झालं. हे साधं काम मी इतकं मन लावून आधी कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. तिनं पहिल्यांदा विचारलं, "उजवा हात का?" मी हो म्हणालो. "मग मधल्या बोटानं धरायला शिकंल ती. भांडी नको घासू म्हणावं तवर." एवढं बोलून ती भाकरी थापू लागली.

बाई तीन आठवड्यांनी कामावर गेल्या. प्रेसवर नाही, पॅकिंगला. पुढे मी तीन-चार बोटं जोडली. त्यांतलं एक एका तरुण शिंप्याचं, त्यानं स्वतः हट्ट धरला होता. पण आता संमतीच्या कागदाआधी मी काम कोणतं आणि घरी कोण आहे ते विचारू लागलो. तेवढ्यापुरती माझी तमिळ सुधारली.

दोनेक वर्षांनी त्याच बाई एका मैत्रिणीला घेऊन आल्या. तिचा अंगठा चेंगरला होता. बाई तिला माझ्यासमोरच तमिळमध्ये समजावत होत्या, की यांना सगळं विचारून घे, किती दिवस लागतील, वाकेल का, सगळं. चिडतात, पण खरं सांगतात. सिस्टर भाषांतर करायला पुढे झाल्या. मी त्यांना म्हटलं, राहू द्या, कळलं मला.