शनिवारची बोट

लुक्रे चिडली की आमच्या ओर्लिना बेटावरची माणसं आधी समुद्राकडे बघतात. दक्षिणेचा दमट वारा, ज्याला आम्ही जुगो म्हणतो, सुटलेला असला तर म्हणतात, "वाऱ्याने डोकं फिरलंय, उतरेल." सुटलेला नसला तर म्हणतात, "सुटणार असेल." म्हणजे त्या बाईचा राग तिचा स्वतःचा आहे, त्याला काही कारण असू शकतं, हे कोणी मान्यच करायचं नाही. तिचा मुलगा आंद्रो तर आईचा आवाज चढला की फोनवर हवामान बघायचा. असा संताप यायचा तिला!

आणि कारणं काय कमी होती? नवरा प्रोश्पेरो गेला, आणि वर्ष उलटायच्या आत आंद्रोने घराच्या पर्यटकांसाठी भाड्याच्या खोल्या केल्या. भिंती पाडल्या, नव्या घातल्या, प्रत्येक खोलीला न्हाणीघर काढलं. तेव्हापासून जून लागला की घराची मालकीण तळघरात. वाइनच्या पिंपांशेजारी घडीची खाट, वर एक दिवा, आणि छतातून दिवसभर पाहुण्यांच्या सपाता फटाक फटाक. आमच्याकडे सगळ्यांचीच ही तऱ्हा. कोणी उन्हाळाभर गॅरेजमध्ये झोपतं, कोणी माळ्यावर. जिथे बाळंत झालो त्या खोलीच्या दारावर टकटक करून "टॉवेल हवेत का?" विचारायचं.

सगळ्यात वाईट शनिवार. सकाळी जुने पाहुणे जाणार, दुपारी नवे येणार, आणि मधल्या वेळात सगळ्या खोल्या उलट्यापालट्या करायच्या. चादरी ओढा, गाद्या झटका, संडास घासा, कोणाचा विसरलेला चार्जर शोधा. सून सांदा पाहुण्यांशी गोड बोलायला, आंद्रो सामान उचलायला, आणि चादरींना लुक्रे. तिच्यासारखी ताठ चादर कोणाला घालता येत नाही, असं सांदा सगळ्यांना कौतुकाने सांगायची. फुकटचं कौतुक!

समोर स्मोक्वा बेट आहे. हवा स्वच्छ असली की तिथल्या घरांच्या खिडक्यासुद्धा मोजता येतात. तिथे लुक्रेची थोरली बहीण राहते, फिलोमेना. लग्न होऊन गेली तेव्हा बापाने तिला स्वतःच्या होडीतून वल्हवत नेलं, आणि लुक्रे पुढे बसून फुलं सांभाळत होती. तेव्हा बेटावर वीज नव्हती, रस्ता नव्हता, पण बहिणीकडे जाता येत होतं. आता सगळं आहे. ती होडी आंद्रोने धक्क्यावरच्या हॉटेलवाल्याला विकली. त्याने ती दारात ठेवलीय, आत बर्फ भरलाय आणि बर्फावर मासे मांडलेत. पाहुणे तिच्याजवळ उभं राहून फोटो काढतात. लुक्रे त्या वाटेने जातच नाही.

आंद्रोकडे मोटरबोट आहे, पण ती उन्हाळाभर पाहुण्यांना गुहा दाखवत फिरते आणि हिवाळाभर ताडपत्रीखाली झोपते. हिवाळ्यात आमच्या बोटी फक्त किनाऱ्यावरच्या मोठ्या शहराला, स्प्लिटला, जातात. समोर दिसणाऱ्या स्मोक्वाला जायचं तर उलट्या दिशेने स्प्लिट गाठा, तिथे कोणाकडे तरी रात्र काढा, आणि दुसऱ्या दिवशी स्मोक्वाची बोट धरा, तीही समुद्राची मर्जी असली तर. उन्हाळ्यात मात्र बेटाबेटाला शिवत जाणारी एक चकचकीत वेगवान बोट सुरू होते. पाहुण्यांसाठी. पाहुण्यांचा आठवडा शनिवार ते शनिवार, म्हणून बोटही शनिवारीच.

आता सांगा, लुक्रेने जायचं कधी?

जुलैच्या शेवटी वरच्या खोलीतलं जोडपं द्राक्षाच्या मांडवाखाली नकाशा पसरून बसलं होतं. पुढचा बेत ठरत होता. या बेटावर दोन रात्री, त्या बेटावर एक, इथे नुसतं जेवण. लुक्रे बाजूला बसून बटाटे सोलत होती. त्या पुरुषाने स्मोक्वावर बोट ठेवलं आणि सांदाला विचारलं, "इथे उतरण्यासारखं काही आहे का? का सोडून देऊ?"

सांदाने सासूला विचारलं, "आई, स्मोक्वावर बघण्यासारखं काय आहे हो?"

"माझी बहीण आहे," लुक्रे म्हणाली.

सांदा पाहुण्याकडे वळली आणि हसून म्हणाली, "तिथला किनारा फार सुंदर आहे."

लुक्रेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्मोक्वाला किनारा कुठला, नुसते दगड आहेत! तिने बटाट्याची सालं इतकी जाड काढली की भाजीला अर्धेच उरले.

त्याच संध्याकाळी फिलोमेनाचा फोन आला. आधी गुडघे, मग अंजीर यंदा किती लागलेत, मग शेजारणीची मांजर. आणि मग, भाजी आणायला निघाल्यासारखं, "अगं लुक्रे, बेपो मला झाग्रेबला नेतोय. सप्टेंबरात." बेपो तिचा मुलगा, आणि झाग्रेब म्हणजे समुद्रापासून लांबची राजधानी.

"दवाखान्यात?"

"नाही गं. वृद्धाश्रम आहे, चांगला आहे म्हणे, लिफ्ट आहे. एकटीला राहायला जमायचं नाही म्हणतो मला. माझ्या तळघराचीसुद्धा खोली करायचीय त्याला. पुढच्या उन्हाळ्यात भाड्याने जाईल."

"आणि तू हो म्हणालीस?"

"मला कोणी विचारलं नाही, मग हो कशाला म्हणू?" फिलोमेना म्हणाली. मग, "तू येशील म्हणाली होतीस."

दरवर्षी म्हणायची लुक्रे. सीझन संपला की येते. आणि सीझन संपला की बोट संपायची.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिने विषय काढला. आंद्रोने पावात तोंड घालूनच उत्तर दिलं, "आई, सीझन संपू दे. मी स्वतः नेतो तुला."

"सीझन संपेपर्यंत ती झाग्रेबला गेलेली असेल. मग काय, तिच्या कुलपाला भेटू?"

"मग झाग्रेबला जाऊ आपण. हिवाळ्यात. निवांत."

"मागच्या वर्षी काय म्हणाला होतास? रविवारी नेतो. त्याच्या आधी? ईस्टरला नेतो. तुझ्या बोटीत अख्खा युरोप बसून गेला, आंद्रो! गुहेतली वटवाघळं बघून आला! तुझ्या आईला बसायला तेवढी जागा नव्हती."

सांदा मध्ये पडली. "आई, चिडू नका हो. जुगो आहे ना दोन दिवस, डोकं जड होतं. माझंही दुखतंय."

"दुखू दे! माझं डोकं दुखत नाहीये, मला राग आलाय. शनिवारच्या बोटीने जातेय मी."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आंद्रो हसला. हसायला नको होतं त्याने. "शनिवारी? शनिवारी कशी जाशील तू? चारही खोल्या बदलायच्यात."

लुक्रेने ताट उचललं आणि खाली निघून गेली. त्या रात्री दोघं वर शांत झोपली. वारा पडला की आई पण शांत होईल, असं त्यांचं ठरलेलं होतं.

शनिवारी वारा नावाला नव्हता. समुद्र तव्यावरच्या तेलासारखा गुळगुळीत. लुक्रे चर्चला जायचा काळा झगा घालून, केस घट्ट बांधून, हातात पिशवी घेऊन धक्क्यावर उभी राहिली. पिशवीत मे महिन्यात खारवलेल्या मासळीची बरणी होती, फिलोमेनाला आवडते तशी, आणि एक झोपायचा झगा.

बोटीत चढायच्या फळीवर शीमे तिकिटं तपासत होता. आमच्याच गल्लीतला, दाढी राखून गडी मोठा दिसायला लागलाय.

"लुक्रेमावशी, फुल्ल आहे बोट. महिनाभर आधी फोनवर काढतात लोक तिकिटं."

"शीमे," लुक्रे म्हणाली, आणि ती जेव्हा अशी हळू बोलते तेव्हा मागे सरकलेलं बरं, "तुझ्या आईला कळा सुटल्या तेव्हा तुफान होतं. बोट बंद. तू माझ्या स्वयंपाकघरात जन्मलास, माझ्या टेबलावर. तेव्हा मी म्हटलं होतं का रे, फुल्ल आहे?"

मागची रांग थांबली. शीमे कानापर्यंत लाल झाला. "तिथे बॅगांपाशी बसा," तो पुटपुटला. "पण कठड्याला धरून."

एवढ्यात आंद्रो धावत आला. हातात किल्ल्या, शर्ट घामाने भिजलेला. "आई! हे काय चालवलंय? चादरी कोण बदलणार?"

"तू."

"मला येतात का चादरी?"

"मी मेले असं समज," लुक्रे बॅगांवर बसत म्हणाली. "मग येतील."

सगळ्या पाहुण्यांसमोर! आंद्रोने समुद्राकडे पाहिलं, मग आकाशाकडे. कुठे एक लाट नाही, ढग नाही. बिचाऱ्याला दोष द्यायला वारासुद्धा मिळाला नाही.

बोट सुटली. वरच्या खोलीतलं जोडपं तिथेच होतं; बाईने हसून हात हलवला. लुक्रेने पाहिलंच नाही. तिचं सगळं लक्ष समोर. आख्खं आयुष्य जे दुरून बघितलं ते बेट अर्ध्या तासात अंगावर आलं. अर्धा तास! एवढंसं अंतर, आणि एवढी वर्षं. हा राग कोणावर काढायचा, हे तिला कळेना. आंद्रोवर होताच. पण दरवेळी "नंतर" म्हणणारी जीभ तिची स्वतःचीच होती ना? तिचाच राग जास्त आला.

स्मोक्वाला ते जोडपं उतरलं आणि किनारा कुठे म्हणून हातवारे करून तिलाच विचारू लागलं. "सांदाला विचारा," असं म्हणून ती पायऱ्या चढायला लागली.

फिलोमेनाचं घर अगदी वर. लुक्रेच्या डोळ्यांपुढे सगळं ठरलेलं होतं. फिले अंजिराखाली बसलेली असेल. कॉफी ठेवेल, बरणी उघडू, पाव बुडवून खाऊ, बापाच्या शिव्या आठवू. अंगणात आली तर जाणाऱ्यांच्या बॅगा पायरीवर रचलेल्या, दारात मळक्या टॉवेलांचा ढीग, आणि वरच्या खिडकीतून एक वाकलेली म्हातारी चादर झटकतेय.

म्हातारीला खाली कोणीतरी उभं दिसलं. डोळ्यांना नीट दिसत नाही तिच्या. ती जर्मनमध्ये ओरडली, तिला येणारं तेवढंच एक वाक्य, "खोली दोन वाजता! दोन वाजता मिळेल!"

सख्खी बहीण, आणि भेटायला आली तर तिला पाहुणी समजून दोन वाजता ये म्हणते. ती पायरीवर मटकन बसली आणि रडली. दुःखाने नाही. रागाने रडली, मुठी आवळून, तोंडाने शिव्या देत.

शिव्या ऐकून वरची म्हातारी थांबली. असल्या शिव्या फक्त त्यांचा बाप द्यायचा.

"लुक्रे? तू आहेस का गं?"

"नाही, पाहुणी आहे! दोन वाजता येते!"

फिलोमेना चादर घेऊनच खाली आली, एकेक पायरी धरत. बहिणीचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. हातांना ब्लीचचा वास येत होता. मिठी मारली, आणि लगेच खेकसली, "पण शनिवारी गं कशाला आलीस? शनिवारी कोणी येतं का!"

"शनिवारीच येता येतं, फिले."

फिलोमेनाने ते ऐकलं, मान हलवली. तिला जास्त समजवायची गरज नव्हती. "बेपो पाहुणे सोडायला धक्क्यावर गेलाय," ती म्हणाली. "दोन खोल्या राहिल्यात. मी लवकर आवरते, तू बस."

"एकटी करतेस? आणि बेपो म्हणतो तुला एकटीला राहायला जमणार नाही?"

"राहायला जमणार नाही म्हणतो. चादरींचं काही म्हणत नाही."

लुक्रे उठली. बाह्या वर सारल्या, बरणी खिडकीत ठेवली आणि चादरीचं दुसरं टोक पकडलं. दोघींनी ती ताणली. लहानपणी बापाचं शीड अशीच ताणायच्या, ही इकडून, ती तिकडून. "गाढवासारखी ओढतेस अजून," फिलोमेना म्हणाली. "तू ढिली सोडतेस अजून," लुक्रे म्हणाली. काम करता करता सगळं बोलून झालं: नवरे, मुलं, आईचं शेवटचं आजारपण, झाग्रेबची ती लिफ्ट. मधूनच फिलोमेना म्हणायची, "मला तिथे समुद्र दिसणार नाही," आणि उशी बडवायची. लुक्रे दुसरी उशी बडवायची.

दुपारी परतीच्या बोटीचा भोंगा वाजला. लुक्रेने खिडकीतून पाहिलं आणि हललीच नाही. थोड्या वेळाने पिशवीतला फोन वाजू लागला. आंद्रो. मागे सांदाचा आवाज, कोणाचं तरी मूल रडत होतं.

"आई, एका खोलीच्या चादरी अजून पडल्यात, पाहुणे दारात उभे आहेत! तू बोटीत नाहीस? कधी येणारेस?"

लुक्रेने बहिणीकडे पाहिलं. फिलोमेना हातात चादर घेऊन ऐकत उभी होती.

"सीझन संपला की येते," लुक्रे म्हणाली आणि फोन बंद केला.

"सीझन संपल्यावर बोट नसते गं," फिलोमेना म्हणाली.

"माहीत आहे मला. धर ते टोक."