कंगवासाहेबांचा उंचवटा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे कंगवासाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. टक्कल पडायला लागल्यापासून उरलेल्या केसांवर त्यांचा फारच जीव जडला होता. सकाळी खोबरेल चोपडायचं, घडीघडीला कंगवा फिरवायचा आणि तळहाताने केस चापून बसवायचे.

उष्णता मोजायच्या यंत्राला मात्र ते दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. नखाएवढ्या दोन डब्या; एकीत पदार्थ, दुसरी रिकामी. आधी दोन्ही गार करायच्या, मग सारख्याच तापवायच्या आणि पदार्थ किती उष्णता खातो ते पाहायचं. तो वितळला की आलेखावर उंचवटा येतो. डब्या चिमट्यानेच उचला, अशी पाटी साहेबांनीच भिंतीवर लावली होती. ती इतरांसाठी. "माझी बोटं चिमट्यापेक्षा हलकी आहेत," असं ते ऐटीत सांगत.

आणि त्यांना शोध लागला! मेण घ्या, प्लास्टिक घ्या, औषधाची पूड घ्या, चोवीस अंशांच्या आसपास एक बारीक उंचवटा ठरलेला. आजवर कुणालाच न दिसलेला! आता हा उंचवटा आपल्या नावाने ओळखला जाणार आणि संचालकपद घर शोधत येणार, हे त्यांनी धरूनच टाकलं. कुणी नसताना संचालकांच्या खुर्चीत बसूनही आले. "आधी नेमणूक तर होऊ दे," असं बायको म्हणाली, तर तिच्यावरच उखडले. बाजारात तुरी, दुसरं काय!

निवड समितीच्या बाई आल्या. उंचवटा पाहून म्हणाल्या, "छान. आता दोन्ही डब्या रिकाम्या ठेवून दाखवा."

"रिकाम्या डबीत काय दिसणार, बाई?" साहेबांनी वैतागून केस चापले आणि त्याच बोटांनी डबी उचलून आत ठेवली.

चोवीस अंश आले आणि आलेख दिमाखात फुगला.

बाईंनी चिमट्याने नवी डबी ठेवली. रेघ सरळ आली. मग त्यांनी साहेबांच्या तुळतुळीत डोक्याकडे नीट पाहिलं.

"खोबरेल लावता का हो? ते चोवीस अंशांनाच वितळतं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं साहेबांना झालं. सवयीने डोक्याकडे निघालेला हात वाटेतच थांबला.

संचालकपद दुसऱ्याला गेलं. नावाची हौस मात्र पुरी झाली. आजही कुणी बोटांनी डबी उचलली की चारी बाजूंनी ओरडा होतो, "अरे चिमटा घे, कंगवासाहेबांचा उंचवटा येईल!" शेजारच्या खोलीत साहेबांना ते स्वच्छ ऐकू येतं.