लाल डोळ्याची सदाफुली

मागच्या वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या आधीच्या मंगळवारी, सकाळी साडेनऊ वाजता माझ्या आत्यावर अन्याय झाला. ती आष्टीला लग्नाला गेल्ती. तिच्या माघारी तिच्या बागेतल्या सगळ्या सदाफुल्या मुळासकट उपटल्या गेल्या. आता 'उपटल्या गेल्या' हे वाक्य सरकारी झालं. असं वाक्य कुणी लिहिलं की त्याला 'कोणी?' असं विचारायला मी पत्रकं काढता काढता शिकलो. तर उत्तर असं, की मी उपटल्या.

बाग म्हणजे काही मोठी नाही. वाटूर फाट्यावरून आत आलं की आमचं गाव, गावात विहार, आणि विहाराच्या ओट्यापुढं चार हात रुंद मातीची पट्टी. आत्या दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते. पौर्णिमेला बाया पांढऱ्या साड्या नेसून येतात, तर त्यांच्यापुढं फुलंही पांढरीच पाहिजेत, असं तिनं एकदा ठरवलं आणि जिथं जाईल तिथून फांद्या मागून आणल्या. मागं भिंतीला पांढरी कण्हेर, कारण शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. तिच्यापुढं तगर, जिला बारा महिने चार तरी फुलं असतात. मग मोगरा. कोपऱ्यात चाफा. आणि मोगऱ्याच्या पायाशी, माती दिसणार नाही अशी दाट सदाफुली. पाकळ्या पांढऱ्या, मधोमध लाल डोळा.

घोटाळा पत्रकानं केला. बसच्या फेऱ्या, टँकर, वसतिगृहातलं जेवण, या सगळ्यांवर पत्रकं लिहून माझा हात बसलेला. म्हणून पौर्णिमेचं निमंत्रणही मीच लिहिलं, आणि जोरात लिहिलं: 'आमच्या आत्याबाईंनी फुलवलेली संपूर्ण शुभ्र बाग पाहायला या!' गठ्ठा छापून आला. मंगळवारी सहज बागेपुढं उभा राहिलो तर खालून शंभर लाल डोळे माझ्याकडं बघून राह्यलेले. छापलेलं खोटं ठरू द्यायचं नाही, एवढं एकच तत्त्व मला पक्कं ठाऊक. पत्रक बदलता येत नव्हतं, म्हणून मी बाग बदलली. चाफ्याच्या पोटातला पिवळा रंग मात्र मला दिसला नाही. तो दिसला असता तर कुदळ आणावी लागली असती.

आत्या दुपारच्या गाडीनं आली. लग्नातली पिशवी तशीच हातात.

"कुणी केलं हे?"

"मी. लाल होतं ना त्यात."

"मंग? कुंकवाएवढं लाल व्हतं. तेवढ्यानं तुझी क्रांती बाटली का?"

"आत्या, बाग पांढरी म्हणून छापलंय."

"छापायच्या आधी इचारलं का मला? आता बघ तिकडं. काय दिसून राह्यलं?"

मी बघितलं. खरंच काही दिसत नव्हतं. मोगरा, तगर, मागची चुन्याची भिंत, सगळं उन्हात एकमेकांत मिसळून गेलेलं, वाळत घातलेल्या धुण्यासारखं. त्या लाल डोळ्यांमुळं वरचा पांढरा पांढरा दिसत होता. तगरीचं काळपट पानही तिनं त्याचसाठी मोगऱ्याच्या मागं ठेवलेलं.

"दिसायचं जाऊ दे," ती म्हणाली. "मोगऱ्याच्या मुळावर सावली तिचीच व्हती. आता कळ्या गळतील, बघ."

दरवर्षी पौर्णिमेला पहिली ओंजळ आत्याच्या मोगऱ्याची असते. गावात तिचा तेवढाच मान, आणि पौर्णिमा चार दिवसांवर असताना तो मी धोक्यात आणला होता. बुधवारी उघड्या मातीला भेगा पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोगऱ्याखाली कच्च्या कळ्या पडलेल्या.

मला ओरडण्यातही तिनं वेळ घालवला नाही. "जल्दी जा, सोयाबीनचं भुसकट आण," म्हणाली. मी दोन पोती आणली. मोगऱ्याच्या बुडाशी ते वीतभर जाड पसरलं आणि घरचं भांडी विसळलेलं पाणी सकाळ-संध्याकाळ मी डोक्यावरून वाहिलं. उकिरड्यावर फेकलेल्या सदाफुल्या तिनं मला एक-एक उचलायला लावल्या. त्यांच्या वाळल्या शेंगा चोळून काळं, तिळासारखं बी पदरात बांधून ठेवलं.

पौर्णिमेला ओंजळ भरली. काठोकाठ नाही, पण भरली. आत्यानं ती बुद्धमूर्तीपुढं ठेवली आणि वळून माझ्याकडं असं बघितलं की पुढचं पंचशील मी खाली मान घालूनच म्हटलं.

मृगात बी टाकलं. आज हे लिहितोय तेव्हा ओट्यावर बसलोय. समोर मोगऱ्याच्या पायाशी पुन्हा माती दिसत नाही. लाल डोळे सगळे जागच्या जागी. बाजूला आत्या तगरीची फांदी छाटून राह्यली आणि मला म्हणतेय, "लिही, लिही, पण हात लावू नको." बरं वाटतंय.

उरलेली पत्रकं मी पुन्हा बाहेर काढली आणि प्रत्येकावरचा 'संपूर्ण' हा शब्द पेनानं खोडला. आता मागणी तुमच्याकडं. तुमच्या विहारापुढं, शाळेपुढं, दारापुढं एका रंगाची बाग असेल, तर तिला रोज पाणी कोण घालतं ते आज शोधून काढा. त्या बाईपुढं जाऊन बसा. यातलं काय उपटायचं नाही, हे तिला विचारा. आणि ती सांगेपर्यंत हात मागं बांधून ठेवा.