भास्करच्या तोंडावरचा रुमाल

आज भास्करबरोबर वाशीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्याला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "आईच्या पोटात फुप्फुस घडवणारी काही जनुकं नंतर गप्प होतात. गाठीत ती पुन्हा जागी झालीत."

माझ्यात ऐंशीचं दशक जागं झालं. तुर्भ्याला आम्ही दोघं ॲस्बेस्टॉसचे पत्रे बनवायचो. शिफ्ट सुटली की हवेच्या पाइपने एकमेकांची धूळ उडवायचो. भास्कर तोंडाला रुमाल बांधायचा, म्हणून सगळे त्याला नवरी म्हणायचे. एकदा दुसऱ्या दोघा कामगारांनी त्याला खाली दाबला. मी रुमाल ओरबाडला आणि पाइप त्याच्या तोंडावर धरला. तो लाथा झाडत होता. नाकातून रक्त आलं तेव्हा थांबलो.

"धुळीत काम केलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळेच करायचे, साहेब," भास्कर माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी गप्प बसलो. तुम्ही बोलला असता?