आण्णांची उबवणी

कसबा बावड्याच्या कडेला, उसाची रानं संपून मुरमाड माळ सुरू होतो तिथं, केरबा आण्णांचं घर होतं. १९४१ साली आण्णा पलटणीत भरती झाले आणि थेट इराकात, बसऱ्याला जाऊन पडले. तिथं बंदूक उडवायची पाळी कधी आली नाही. पाच वर्षं त्यांनी कोठारात पोती उतरवून घेतली. पण परत आले ते अशा थाटात, की सगळं वाळवंट यांनीच पोसलं असावं.

चहा आला की बसरा, ऊन वाढलं की बसरा, कुणाच्या मयताला गेले तर तिथंही बसरा. लोक तोंडावर ‘आण्णा’ म्हणत आणि पाठीमागं ‘बसरेकर’. आण्णांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. म्हातारपणी तेच हसून सांगायचे, "पोती उतरवणाऱ्या मानसाला नाव तरी मोठं मिळालं की!"

१९४८ ची दिवाळी झाली आणि आण्णांनी घरामागच्या परड्यात वाळवंटी बाग करायचं मनावर घेतलं. भाजून काढणाऱ्या उन्हात तिकडची माणसं फळं कशी पिकवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. झाड खोल आळ्यात लावायचं, म्हणजे पाण्याचा थेंब बाहेर जात नाही. झाडाखाली कोंबड्या सोडायच्या. त्यांना सावली, झाडाला खत. आणि खुराडं जमिनीत कमरेएवढं खणायचं, म्हणजे कोंबड्यांना गारवा. आण्णांनी मुरूम फोडून पाच डाळिंबांची आणि दोन अंजिरांची वाढलेली रोपं लावली, खुराडं खणलं, वर उसाच्या पाल्याचं छप्पर घातलं.

त्यांची बायको धोंडुबाई खड्ड्याच्या काठावर उभी होती.

"पावसाळ्यात काय करायचं ओ हितं?"

"बसऱ्यात असंच असतंय."

"बसऱ्यात पाऊस किती पडतोय?"

आण्णांनी टिकाव उचलला. या प्रश्नाचं उत्तर त्यांना येत होतं, म्हणूनच त्यांनी ते दिलं नाही.

कोंबड्या धोंडुबाईच्या होत्या. आण्णा पलटणीत असताना घराला त्यांचाच आधार होता. त्यांतली तुरेवाली तर तिचा जीव की प्राण. लग्नानंतर कोडोलीहून आईनं टोपलीत घालून दिलेल्या कोंबडीचा तो वंश. आई आता नव्हती. तिच्या हातचं म्हणून एवढी तुरेवालीच उरली होती.

उन्हाळा आला आणि आण्णा जिंकले. माळ करपून गेला, पण यांच्या आळ्यांत ओल टिकून. डाळिंबांना लालभडक फुलं आली. कोंबड्या खुराड्याच्या गारव्यात पाय पसरून पडायच्या. लोक मुद्दाम बघायला यायचे आणि आण्णा त्यांना काठीनं एकेक झाड दाखवत फिरायचे. दोन डाळिंबं धरली तर त्यांनी दोन्हींना फडकी बांधली आणि वाटेनं जाणाऱ्यांना हाका मारमारून ती फडकी दाखवली.

आषाढात धोंडुबाई भावजयीच्या बाळंतपणाला कोडोलीला गेली. तुरेवाली तेव्हा खुडूक होती. चुलीमागं टोपलीत अकरा अंडी पोटाखाली घेऊन बसलेली. जाताना धोंडुबाईनं एकच सांगितलं, "तिला हितनं हलवू नगासा. तुमच्या त्या खड्ड्यात तर मुळीच नगं."

आण्णांनी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

अंडी उबवायला बसवून अठरावा दिवस होता. पावसानं उघडीप दिलेली, आणि उचगावचे बडे बागाईतदार हंबीरराव बाग बघायला येतो म्हणाले. चुलीमागं खुडूक कोंबडी काय, कुणाच्याही घरी असते. वाळवंटी खुराड्यात उबवणी दाखवली तर चार गावांत नाव होईल! आण्णांनी टोपली उचलली आणि खड्ड्यात नेऊन ठेवली. हंबीररावांनी वाहवा केली आणि आपलं रान दाखवायला आण्णांना उचगावला घेऊन गेले.

दुपारी आभाळ फाटलं. आण्णा हंबीररावांच्या बाहेरच्या सोप्यात बसून चहा पीत होते. पावसाकडं बघत ते ऐटीत म्हणाले, "आमच्या बसऱ्यात असला पाऊस डोळ्यानं बघायलाबी मिळत न्हाई."

आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडल्यावर बशी तिथंच टाकून ते उठले.

चार मैल ते धावत आले. परड्यात सात आळ्यांची सात डबकी झाली होती. बाकीच्या कोंबड्या छपरावर ओळीनं बसून आण्णांकडं बघत होत्या. खुराड्यात तुरेवालीच्या छातीला पाणी लागलं होतं, तरी ती बसलेलीच. खुडूक कोंबडी मरेल, पण अंडी सोडणार नाही, हे बावड्यात शेंबड्या पोरालाही कळतं. बसरेकरांच्या तेवढं ध्यानात आलं नव्हतं.

चुलीपुढं धरून त्यांनी तिला शेकलं. तासाभरात ती गेली. आण्णा मोठ्यानं रडले.

मग त्यांनी अंडी कोमट पाण्यात सोडली. आत जीव असला की अंडं पाण्यात हलतं. अकरातली चार हलली. शेजारच्या पिराजीनं सगळी गल्ली पालथी घातली, पण खुडूक कोंबडी कुणाकडं मिळाली नाही. तेव्हा आण्णांनी चारी अंडी लोकरीत गुंडाळून पोटाला बांधली, वर पलटणीचा कोट चढवला आणि चुलीजवळ स्वतःच बसले.

"आण्णा खुडूक बसलाय!" पिराजीनं गावभर केलं. डाळिंबं बघायला आली नव्हती एवढी माणसं आण्णांना बघायला आली. पिराजीची बायको तानाबाई भाकरी-कोरड्यास घेऊन आली आणि दारातनंच म्हणाली, "आण्णा, थोडी कणी टाकू काय?"

"टाका," आण्णा म्हणाले, "पर वर कोरड्यासबी घाला."

पंचगंगेला पूर आला, कोडोलीची वाट बंद झाली. पूर आला म्हणून देवाला हात जोडणारा माणूस कोल्हापुरात तेवढा एकच असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी कोटाच्या आत टकटक झाली आणि एक पिल्लू बाहेर आलं. त्याच दिवशी पूर ओसरला आणि धोंडुबाई दारात उभी राहिली.

आण्णांनी भाषण जुळवून ठेवलं होतं. त्यात पाऊस होता, हंबीरराव होते. तोंडातून निघालं वेगळंच.

"तुरेवाली गेली. मीच मारली तिला. तू नगं म्हणालतीस."

धोंडुबाई उंबऱ्यावरच बसली. पदर तोंडाला लावून रडत राहिली. जवळ जावं असं आण्णांना फार वाटलं, पण उठायची सोय नव्हती. बऱ्याच वेळानं पिल्लाची चिवचिव तिच्या कानावर गेली. तिनं ते ओंजळीत घेतलं, आणि नवऱ्याचा अवतार पहिल्यांदा नीट पाहिला.

"किती दिस बसलाईसा असं?"

"तीन."

"कट्टाळा आला?"

"लई. आनि भ्या वाटतंय. आत जित्तं हाय का न्हाई, कायबी कळत न्हाई."

पिल्लाच्या पाठीवरनं बोट फिरवत धोंडुबाई म्हणाली, "मी पाच वर्सं बसलो."

 आण्णांना घरी येऊन तीन वर्षं होत आली होती. सगळ्या बावड्याला त्यांनी बसरा सांगितला होता, आणि ती पाच वर्षं हिनं कशी काढली, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"सांग की," ते म्हणाले.

धोंडुबाई सांगू लागली. दुपार कलली तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं, आणि आण्णा जागचे हलले नाहीत. पोटाशी अजून तीन अंडी होती.